जुन्या पिकअपला नवे इंजिन : प्रस्तावना

इंजिन बदलणे एवढेच काम असते, तर हे पुस्तक लिहावे लागले नसते. बॉनेट उतरवायचे, रेडिएटर काढायचा, गिअरबॉक्स सुटा करायचा आणि चेन ब्लॉकला लटकवून जुने इंजिन बाहेर घ्यायचे. हाताशी जाणता माणूस असेल तर हे एका दिवसात उरकते. नवे इंजिन त्या जागी उतरवायलाही फार वेळ लागत नाही. त्या संध्याकाळी काढलेल्या फोटोत काम संपत आल्यासारखे दिसते. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ट्रक अडकतात तेही त्यानंतरच. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती चाळल्या, तर इंजिन बसवलेले पण कधीच सुरू न झालेले पिकअप सतत दिसतात. मालकाने भरपूर पैसा घातलेला असतो, सुटे भाग खोक्यांत भरून ठेवलेले असतात आणि विकण्याचे कारण ‘वेळ मिळत नाही’ असे दिलेले असते. या माणसांची हौस कमी पडली असे मला वाटत नाही. इंजिनाच्या भोवती किती काम असते, याचा अंदाज त्यांना कोणी दिलेला नसतो. तो अंदाज देणे हा या पुस्तकाचा पहिला हेतू.

विषय मी मुद्दाम एका जोडीपुरता ठेवला आहे. ट्रक म्हणजे शेवरोलेट सी-१०, मॉडेल वर्षे १९६७ ते १९७२. इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचेच एलएस घराण्यातले व्ही-८, त्यातही १९९९ पासूनच्या ट्रकांमध्ये आलेले ५.३ लिटरचे. इतर जोड्या पुष्कळ आहेत. फोर्डच्या जुन्या एफ-१०० मध्ये फोर्डचेच अलीकडचे ५ लिटरचे व्ही-८ बसवणारे लोक आहेत आणि त्यांचे कामही देखणे असते. पण सगळ्यांविषयी थोडे थोडे सांगणारे पुस्तक ट्रकखाली झोपलेल्या माणसाच्या कामाचे नसते. एक जोडी मुळापासून समजली, की दुसऱ्या गाडीसमोर उभे राहिल्यावर कोणते प्रश्न विचारायचे हे आपोआप कळते.

अमेरिकेत पिकअपला जी जागा आहे तिची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण त्याशिवाय एका मालवाहू गाडीवर लोक इतका जीव का टाकतात हे मराठी वाचकाला उमगणार नाही. हेन्री फोर्डच्या कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच मागे पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी शेतकरी हेच काम स्वतः करत होते: मोटारीची मागची बाजू काढून टाकायची, तिथे लाकडी पेटारा ठोकायचा आणि दूध, धान्य, कोंबड्यांची खुराडी बाजाराला न्यायची. म्हणजे पिकअप हा वाहनप्रकारच मुळात मालकाने केलेल्या फेरफारातून आला आहे. जुन्या पिकअपला हात लावणाऱ्यांना जेव्हा ‘मूळ गाडी बिघडवली’ असे ऐकावे लागते, तेव्हा हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या उन्हाळ्यात शेवरोलेटची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका आली. गोलसर, फुगीर मडगार्डांचे ते ट्रक आजही अमेरिकन चित्रांत आणि कॅलेंडरांवर दिसतात. १९५५ पासून शेवरोलेटच्या ट्रकांना व्ही-८ इंजिन मिळू लागले. १९६४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि तिचे मूळ मोटारींत नव्हतेच. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून लिंडन जॉन्सन यांच्या सरकारने उलट काही वस्तूंवर २५ टक्के आयात कर बसवला आणि त्या वस्तूंत हलके ट्रक होते. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे हटला, ट्रकांवरचा राहिला. परदेशी मोटारी अमेरिकेच्या बाजारात शिरत असताना पिकअपचे क्षेत्र फोर्ड, शेवरोलेट आणि डॉज यांच्याकडे का राहिले, याचे एक मोठे कारण हा कर आहे. एका देशाची अनेक पिढ्यांची मालवाहू गाडी त्याच देशातल्या मोजक्या कारखान्यांतून आली. म्हणून आज पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रकाच्या दाराचे रबरसुद्धा नवे मिळते. कॅन्ससमधल्या लेनेक्सा इथल्या एलएमसी ट्रकसारख्या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगांत अख्खी केबिन सोडून बाकी जवळजवळ सगळे सुटे मागवता येते.

१९६७ चा सी-१० या परंपरेतला निर्णायक ट्रक आहे असे माझे मत आहे. ‘सी’ म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारा, ‘१०’ म्हणजे अर्ध्या टनाच्या वर्गातला. या वर्गातल्या बहुतेक ट्रकांना मागे पाट्यांची स्प्रिंग असे. सी-१० ला पुढे-मागे चारही ठिकाणी गुंडाळीची स्प्रिंग होती आणि मागचा अ‍ॅक्सल दोन लांब दांड्यांनी चासीला जोडलेला होता. पाटे हवे असतील तर ते वेगळे मागवावे लागत. रिकामा ट्रकही त्यामुळे खड्ड्यांत उड्या मारत नसे. केबिनमध्ये गालिचा आणि चांगल्या खुर्च्या देणारा वरचा प्रकार याच वर्षापासून मिळू लागला. शेतावर राबणारा ट्रक रविवारी कुटुंबाला घेऊन चर्चला जाऊ शकतो, ही कल्पना या मॉडेलने रुजवली. रेषा साध्या, पत्रा जाड, काचा मोठ्या. ११५ इंच चाकतळाचा आखूड ट्रक आज सर्वांना हवा असतो आणि त्याची किंमत त्यामुळे चढलेली असते. १२७ इंचांचा लांब ट्रक तुलनेने स्वस्त मिळतो आणि हौद्यात खरोखर काही न्यायचे असेल, तर तोच घ्यावा असे मी सुचवीन.

त्यात जन्मतः असलेली इंजिने वाईट नव्हती. २५० घनइंचांचे, म्हणजे ४.१ लिटरचे, एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे इंजिन सात मेन बेअरिंगांवर फिरणारे आणि अतिशय टिकाऊ आहे. त्याच्या १५५ अश्वशक्ती त्या काळच्या पद्धतीने मोजलेल्या, म्हणजे पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे बाजूला ठेवून इंजिन नुसते टेबलावर चालवून काढलेल्या. १९७२ पासून हे आकडे सगळी जोडणी करून दिले जाऊ लागले आणि कागदावरची ताकद एकदम उतरलेली दिसू लागली. जुन्या माहितीपत्रकातला आकडा आणि नव्या इंजिनाचा आकडा शेजारी ठेवताना हा फरक धरावा लागतो. आणि ५.३ लिटरच्या ट्रक-इंजिनाच्या सुमारे २७० ते २९५ अश्वशक्ती नव्या पद्धतीच्या आहेत. फरक नुसता दुपटीचा नाही, त्याहून पुढचा आहे.

हे इंजिन आले कुठून, हेही थोडक्यात. इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत घालण्याची चाल अमेरिकेत १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या किमतीत व्ही-८ दिले तेव्हापासून पसरली. दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मुले ते इंजिन हलक्या, जुन्या फोर्डमध्ये टाकून कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट मातीवर शर्यती लावत. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि गॅरेजमधली विद्या छापून घरोघर गेली. १९५५ मध्ये शेवरोलेटचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांच्या हाताखाली २६५ घनइंचांचे छोटे, हलके व्ही-८ तयार झाले. पुढची चार दशके अमेरिकेत कोणत्याही गाडीत कोणतेही इंजिन टाकायचे म्हटले की हेच डोळ्यांसमोर येई. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेले एलएस-१ हे त्याचे पूर्णपणे नव्याने आखलेले वारसदार. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधले ४.४० इंचांचे अंतर तेवढे जुनेच ठेवले. गिअरबॉक्स जोडायच्या बोल्टांची मांडणीही जवळपास तीच राहिली. बाकी सगळे बदलले. डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल आली, फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ होता तो १-८-७-२-६-५-४-३ झाला. ट्रकांसाठीच्या ५.३ लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक सहसा बिडाचा असतो, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. लाखोंनी बनलेली ही इंजिने आज भंगाराच्या आवारात अपघातात चेपलेल्या ट्रकांतून सहज मिळतात. लोकप्रियतेचे खरे कारण हे आहे. शर्यतीची कीर्ती नंतरची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले काहीच परके वाटू नये. जनरल मोटर्सने भारतातला आपला जुळणीचा कारखाना १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला; शेवरोलेटच्या गाड्या आणि ट्रक तिथे सुट्या भागांतून उभे राहत. आणि इंजिन बदलण्याची कला तर आपल्याकडे गावोगावच्या गॅरेजांत नांदली. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपांमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली, अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरची इंजिने गेली. अमेरिकन हौशी माणूस ताकदीसाठी इंजिन बदलतो. आपल्या मिस्त्रीने ते गिऱ्हाइकाचा इंधनखर्च वाचवण्यासाठी बदलले. त्याला कॅटलॉग नव्हता, तयार जोडपट्ट्या नव्हत्या. जाड पत्र्याला गॅसने भोके पाडून त्याने इंजिनाचे फाउंडेशन केले, प्रोपेलर शाफ्ट लेथवर आखूड करून घेतला, क्लचची तार जुळवली आणि ती जीप पुढे वीस वर्षे घाटात चालली. या मंडळींनी आपले ज्ञान लिहून ठेवले नाही आणि आता त्यांच्यातले बरेच हात थकले आहेत. मराठीत या विषयावर सविस्तर लिहावे असे मला वाटले, त्यामागे ही एक चुटपुट आहे. दुसरे कारण अधिक व्यवहारातले: डेट्रॉइट आणि आसपास मोटार उद्योगात काम करणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत, त्यांच्यातले काही स्वतःच्या गॅरेजमध्ये अशा ट्रकांवर काम करतात, आणि संगणकाच्या पडद्यावर सस्पेन्शन आखणाऱ्या माणसाला गंजलेला बोल्ट कसा सोडवायचा हे शिकण्यात जो आनंद होतो तो मी जवळून पाहिला आहे.

आता इंजिनाच्या भोवतालचे काम. पुस्तकाचा मोठा भाग त्यावर आहे, म्हणून इथे त्याचे स्वरूप सांगतो.

पहिली अडचण जागेची. सी-१० चे बॉनेट उघडले की आत माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा दिसते, पण अडचण वर नसून खाली असते. ट्रकमधल्या एलएस इंजिनाचा ऑइल चेंबर फार खोल असतो. तो पुढच्या क्रॉस मेंबरला अडतो किंवा चासीच्या खाली लोंबतो आणि पहिल्याच मोठ्या दगडावर फुटण्याची वाट पाहतो. म्हणून चेंबर बदलावा लागतो, त्याबरोबर आतली तेल ओढणारी नळी आणि मोजकाठीही. एसीचा कॉम्प्रेसर, नवे इंजिन ज्या ट्रकमधून काढले त्यात, खालच्या अंगाला बसवलेला असतो, तिथे जुन्या चासीची पट्टी येते. इंजिन एक इंच मागे घ्यावे तर कॉम्प्रेसरची सोय होते, पण गिअरबॉक्सचा आधार सरकतो. पुढे घ्यावे तर रेडिएटरचा पंखा अडतो. बाजारात मिळणाऱ्या फाउंडेशनच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी इंजिन बसवतात आणि प्रत्येकीचा चेंबरशी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी, स्टिअरिंगच्या दांड्याशी वेगळा संबंध येतो. हे भाग वेगवेगळ्या दुकानांतून स्वस्त पाहून गोळा करू नयेत, एकमेकांशी जुळतील असे एकत्र ठरवूनच घ्यावेत, असा माझा आग्रह आहे.

मग पेट्रोल. कार्बोरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो, इंजिनावरचा यांत्रिक पंप तो सहज देतो. एलएसच्या इंजेक्टरांना ५८ पीएसआय लागतो. त्यासाठी विजेचा पंप, तो दाब सोसणाऱ्या नळ्या, दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर आणि बहुधा परतीची नळी लागते. जुनी रबरी नळी क्लिपने आवळून हे भागवणे म्हणजे तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा सोडणे. आणि १९७२ पर्यंतच्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी कुठे असते? केबिनच्या आत, बसणाऱ्याच्या पाठीमागे. शेवरोलेटने ती १९७३ च्या मॉडेलात केबिनबाहेर नेली. इंजिन बदलणार असाल तर टाकीही मागे, हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये न्या. खर्च वाढतो, तरी न्या. पुस्तकात मी वाचकाला बहुतेक ठिकाणी पर्याय दिले आहेत. या ठिकाणी दिलेला नाही.

वायरिंगविषयी लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि ते एका अर्थी बरोबर आहे. जुन्या ट्रकमध्ये विजेचे काम म्हणजे दिवे, वायपर, स्टार्टर आणि एक हॉर्न. त्या काळचा अल्टरनेटर चाळीस अँपिअरच्या आसपासचा. नव्या इंजिनाला संगणक आहे, क्रँक आणि कॅमचे सेन्सर आहेत, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहेत, वर विजेचे पंखे आणि विजेचा पंप. भंगारातून आणलेले मूळ वायरिंग सोडवून त्यातले नको ते काढायचे, की तयार सुटे वायरिंग विकत घ्यायचे, हा निर्णय वेळ आणि पैसा यांच्या हिशेबाने घ्यावा. दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच. नव्या इंजिनासोबत आलेल्या संगणकात चोरीविरोधी कुलूप असते. ते संगणकाच्या प्रोग्राममधून काढले नाही तर इंजिन लागते आणि लगेच बंद पडते. आणि अर्थिंग. गंजलेल्या, रंगवलेल्या चासीला बोल्टाने लावलेली अर्थची वायर जे विचित्र दोष दाखवते ते शोधण्यात माणसाची उमेद संपते. इंजिन ते चासी, चासी ते केबिन, बॅटरी ते इंजिन: तिन्ही ठिकाणी पत्रा घासून, चकचकीत करून, जाड वायर लावा.

गाडी गरम होण्याच्या तक्रारीही नेहमीच्या. एलएसच्या हेडमध्ये अडकलेली वाफ बाहेर काढण्यासाठी बारीक नळी असते, ती रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा पाण्याच्या टाकीला जोडावी लागते. ती बुजवून टाकली की हेडमध्ये हवा साठते आणि काट्यावर सगळे ठीक दिसत असताना धातू आतून तापत राहतो.

गिअरबॉक्सबद्दल एक हिशेब सांगतो, कारण बदलाचा खरा फायदा तिथे दिसतो. समजा मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण ३.७३ आहे आणि टायर २८ इंच व्यासाचा. जुन्या तीन गिअरांच्या गाडीत शेवटच्या गिअरला, ताशी ६० मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाला, इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेते. एलएसबरोबर येणाऱ्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर ०.७० प्रमाणाचा आहे; त्याच वेगाला फेरे सुमारे १,९०० वर येतात. केबिनमध्ये बोलणे ऐकू येते, इंजिन कमी झिजते, पेट्रोल कमी लागते. ज्यांना हा ट्रक रोज किंवा लांबच्या रस्त्यावर वापरायचा आहे त्यांनी अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या आकड्याकडे आधी पाहावे. मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र ट्रक चाकांवर उभा असताना मोजा. जॅकवर उचललेल्या ट्रकचे माप घेऊन शाफ्ट कापला, तर तो पुन्हा करून घ्यावा लागतो.

आणि ब्रेक. १९७० पर्यंतच्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम होते. पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून नेहमीचे झाले. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, आणि ड्रम एकदा तापला की त्याची पकड सुटत जाते. दुप्पट ताकदीचे इंजिन घातलेला आणि जुन्या ड्रमवर थांबणारा ट्रक रस्त्यावर आणणे हे माझ्या मते चूक आहे, मग रंग कितीही सुंदर असो. म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण ब्रेकचे आहे. दुसरे स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे. इंजिन सहाव्या प्रकरणात येते. पुष्कळ वाचकांना हा क्रम उलटा वाटेल, तो विचारपूर्वक ठेवला आहे.

पत्र्याच्या कामावर दोनच प्रकरणे आहेत, कारण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. दाराखालची पट्टी, केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, छताच्या कडेची पन्हळ आणि पुढच्या मडगार्डांचा तळ, इथे हे ट्रक गंजतात. मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथला ट्रक वरून ठीक दिसला तरी खालून पोकळ असू शकतो. अ‍ॅरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतल्या ट्रकचा रंग उन्हाने उडालेला असतो, पण पत्रा शाबूत. रंग नवा देता येतो. खिशात छोटे चुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

आता तो मोठा प्रश्न, ज्यावर या छंदातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. जुने इंजिन काढावेच का? माझे उत्तर ट्रकपरत्वे बदलते. त्या काळच्या चासी क्रमांकातले दुसरे (१९७२ च्या ट्रकांत तिसरे) अक्षर सांगते की ट्रक कोणत्या इंजिनाचा जन्मला: ‘एस’ असेल तर सहा सिलिंडर, ‘ई’ असेल तर व्ही-८. डॅशबोर्डमधल्या सामानकप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यात चिकटवलेला कागद असतो आणि त्यावर त्या ट्रकसोबत मागवलेल्या खास गोष्टींची नोंद असते. तो कागद शाबूत असेल, क्रमांक जुळत असतील, इंजिन मूळचे असेल आणि ट्रकला कोणी फारसे छेडलेले नसेल, तर कृपया त्याला हात लावू नका. तो ब्रेक दुरुस्त करून, वेळेवर तेल बदलून, आहे तसा चालवावा. असे ट्रक दरवर्षी कमी होत आहेत आणि एकदा कापलेली गोष्ट पुन्हा मूळची होत नाही. पण ज्याचे इंजिन पूर्वीच कोणीतरी बदलले आहे, ज्याचे कागद हरवले आहेत, जो शेताच्या कडेला झुडपांत बसून राहिला आहे, त्याला मूळ स्थितीत परत नेण्याचा हट्ट धरला तर बहुधा तो भंगारातच जाईल. अशा ट्रकला नवे इंजिन देऊन पुन्हा रस्त्यावर आणणे म्हणजे त्याला वाचवणे. मी त्याला जीर्णोद्धार मानतो.

मला ज्या फेरफाराचे कौतुक वाटत नाही तो वेगळाच आहे. ट्रक इतका खाली बसवायचा की चाकांना वर-खाली व्हायला जागा उरत नाही, अ‍ॅक्सलला वाट देण्यासाठी हौद्याचा तळ कापून वर घ्यायचा, वर पॉलिश केलेल्या लाकडी फळ्या लावून त्यावर काही ठेवायला मनाई करायची. तो देखावा म्हणून सुंदर असेल, कारागिरीही अव्वल असेल. पण हौदा हे पिकअपचे प्रयोजन आहे. अर्ध्या टनाच्या ट्रकने काम संपल्यावरही दोन-चार पोती खत, एखादी मोटारसायकल, घर बदलणाऱ्या मित्राचे कपाट निमूटपणे न्यायला हवे. तसेच रंगाचे. खऱ्या उन्हापावसाने उडालेला रंग आणि दारावर पुसट झालेले कुठल्या तरी लाकडाच्या वखारीचे नाव जसेच्या तसे राखले तर मला आवडते. नव्या पत्र्यावर खोटा गंज आणि खोटे नाव रंगवणे मला पटत नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण हे पुस्तक दोन देशांत वाचले जाईल. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. सर्वांत कडक कॅलिफोर्नियाचे, पण तिथेही १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. म्हणून आपला १९७२ पर्यंतचा ट्रक तिथे मोकळा सुटतो. भारतात परिस्थिती अगदी निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची आगाऊ परवानगी आणि नोंदणी पुस्तकात बदल, हे टाळता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, पण तीही मूळ स्वरूपात राखलेल्या, मोठे फेरफार न केलेल्या वाहनांसाठी आहे. तेव्हा भारतातल्या वाचकाने या पुस्तकातील पद्धत समजून घ्यावी, ब्रेक, वायरिंग, गंज यांवरची प्रकरणे खुशाल वापरावीत, पण घरच्या जीपचे इंजिन काढण्याआधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी.

विजेच्या मोटरवरही एक प्रकरण शेवटी आहे. शेवरोलेटने २०१९ मध्ये १९६२ च्या सी-१० मध्ये विजेच्या दोन मोटर बसवून तो लास व्हेगासच्या सेमा प्रदर्शनात मांडला; फोर्डने २०२१ मध्ये तिथेच १९७८ चा एफ-१०० विजेवर आणला. कंपन्या स्वतःच आपल्या जुन्या ट्रकांचे इंजिन काढू लागल्या, ही या छंदाला मिळालेली मोठी मान्यता आहे. मला त्यात रस आहे, पण आजच्या घडीला घरच्या गॅरेजमधल्या माणसासाठी बॅटरीचे वजन आणि किंमत ही दोन्ही भारी आहेत, म्हणून ते प्रकरण छोटे ठेवले.

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या कामाला लागणाऱ्या हत्यारांची आणि भागांची माहिती आहे, आणि शेवटी ट्रक त्या अवस्थेत असताना काय तपासायचे ते. मापे इंचांत ठेवली आहेत, कारण पाने, बोल्ट आणि कॅटलॉग सगळे इंचांतच मिळते. फक्त नव्या इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरमधले आहेत, तेव्हा दोन्ही संच हाताशी ठेवावे लागतील. वेल्डिंग येत नसेल तर चासीवरचे वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्या, बाकी सगळे शिकता येते.

सुरुवात करताना एकच गोष्ट करा. कोणताही भाग विकत घेण्याआधी ट्रक पाण्याने स्वच्छ धुऊन जॅक आणि भक्कम स्टँडवर घ्या, दिवा घेऊन खाली जा आणि चासी पुढून मागपर्यंत तपासा: तडे, वाकलेल्या पट्ट्या, जुने कच्चे वेल्डिंग, आतून फुगलेला गंज. चासी सरळ आणि घट्ट असेल, तर पहिल्या प्रकरणाकडे या. नसेल, तर दुसरा ट्रक शोधा. ते अजून पुष्कळ आहेत.